रॉक गायकाचे चरित्र आणि चाहत्यांची चर्चा : फ्रेडी मर्क्युरी व 'क्वीन' यांच्या वारशाचा विचार

प्रस्तावना

लोकप्रिय संगीताच्या क्षेत्रात कलावंताच्या मृत्यूनंतर दोन गोष्टी मागे उरतात. एक म्हणजे त्याचे ध्वनिमुद्रित संगीत आणि दुसरी म्हणजे त्याच्याविषयी सांगितली जाणारी कथा. संगीत बहुतांशी जसे मुद्रित झाले तसेच राहते. कथा मात्र सांगणाऱ्यागणिक बदलत जाते. 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडन येथे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी निधन झाले. त्यास तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही त्याच्या चरित्राविषयी चाहत्यांमध्ये चाललेली चर्चा थांबलेली नाही. उलट २०१८ साली आलेल्या 'बोहेमियन रॅप्सडी' या चित्रपटानंतर तिला नवे बळ मिळाले.

चाहत्यांची चर्चा म्हणजे भाबडे कौतुक, असा समज आपल्याकडील सुशिक्षित वर्गात रूढ आहे. प्रस्तुत लेखकास तो समज अपुरा वाटतो. मर्क्युरीच्या बाबतीत चाहत्यांनी जे केले आहे ते एक प्रकारचे लौकिक इतिहासलेखन आहे. त्यात पुराव्याची चिकित्सा आहे, पाठभेदांची तुलना आहे आणि अधिकृत कथेविषयीचा संशयही आहे. मात्र या इतिहासलेखनाला ठळक मर्यादाही आहेत. तारखांच्या बाबतीत ते अत्यंत काटेकोर असते. परंतु नायकाच्या आयुष्यातील पहिल्या सतरा वर्षांपाशी आणि शेवटच्या चार वर्षांपाशी आले की ते चाचपडू लागते. पहिल्या सतरा वर्षांपैकी बराच काळ महाराष्ट्रात गेला असल्याने मराठी वाचकाला या विषयाशी केवळ कुतूहलापुरते नाते आहे असे म्हणता येणार नाही.

चरित्राची रूपरेषा

फर्रोख बुलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथील स्टोन टाऊनमध्ये एका पारशी कुटुंबात झाला. बुलसार म्हणजे आजचे गुजरातमधील वलसाड. कुटुंबाचे आडनाव त्या गावावरून आले आहे. वडील बोमी हे झांझिबारमधील ब्रिटिश वसाहत प्रशासनात रोखपाल होते. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली. त्याच वर्षी हे कुटुंब इंग्लंडला स्थलांतरित झाले व लंडननजीक फेल्टम येथे राहू लागले. फर्रोखने ईलिंग येथील कला महाविद्यालयात आरेखनाचे शिक्षण घेतले. १९७० साली गिटारवादक ब्रायन मे व ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासमवेत त्याने 'क्वीन'ची स्थापना केली आणि त्याच सुमारास मर्क्युरी हे आडनाव धारण केले. १९७१ मध्ये बासवादक जॉन डीकन आले आणि बँड पूर्ण झाला. पुढे वीस वर्षे या चौघांत बदल झाला नाही, ही गोष्ट रॉक संगीताच्या इतिहासात दुर्मीळच म्हटली पाहिजे.

पाचगणीची वर्षे

वयाच्या आठव्या वर्षी फर्रोखला सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथील सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठविण्यात आले. ही शाळा १९०४ साली स्थापन झालेली, इंग्रजी धर्तीची. पूर्व आफ्रिकेतील सुस्थित पारशी कुटुंबाने मुलाला आगबोटीने मुंबईस व तेथून सह्याद्रीच्या माथ्यावर शिक्षणासाठी धाडणे यात त्या काळी काही विशेष नव्हते. मुंबईत नातलग होते. सुट्ट्या तेथे जात. याच शाळेत त्याला 'फ्रेडी' हे नाव पडले, येथेच तो पियानो शिकला आणि येथेच १९५८ च्या सुमारास 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड उभा राहिला.

'द हेक्टिक्स'विषयीचा एक तपशील लक्षणीय आहे. या बँडमध्ये फर्रोख मुख्य गायक नव्हता. तो पियानो वाजवी. गायन ब्रूस मरे याच्याकडे होते. डेरिक ब्रँच गिटार वाजवी, व्हिक्टरी राणा ड्रम वाजवी आणि फरांग इराणी चहाच्या खोक्याला काठी व तार जोडून केलेला बास वाजवी. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी शाळेच्या समारंभांत होत. या मुलांपैकी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात उच्चपदावर पोहोचले, ब्रँच इंग्लंडमध्ये अभिनेते झाले आणि इराणी यांनी पुण्यात उपाहारगृह चालविले. ज्या गायकाला पुढे रॉकमधील सर्वश्रेष्ठ आवाजांपैकी एक मानले गेले तो शाळेत पियानोमागे बसत होता, ही गोष्ट 'जन्मजात प्रतिभे'च्या कथेत नीट बसत नाही. कदाचित त्यामुळेच तिच्यावर फारसा भर दिला जात नसावा.

इंग्रजीतील बहुतेक चरित्रकथनांत ही वर्षे एखाद्या प्रकरणात, पुष्कळदा काही परिच्छेदांत आटोपतात. याचे एक कारण स्वतः मर्क्युरी आहे. तो या काळाविषयी क्वचितच बोलत असे आणि आपल्या मूळाचा विषय निघाल्यास भारतापेक्षा पर्शियाकडे बोट दाखविणे पसंत करी. यावरून त्याने आपले मूळ लपविले, त्यास त्याची लाज वाटत होती, असा निष्कर्ष काही चाहते काढतात, तर इतर काही त्याचा हिरिरीने प्रतिवाद करतात. या वादात काळाचे भान अनेकदा सुटते. १९६२ व १९६८ साली ब्रिटनने राष्ट्रकुलातील स्थलांतरितांवर निर्बंध घालणारे कायदे केले. एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅम येथे स्थलांतरविरोधी कुप्रसिद्ध भाषण केले. त्या वेळी फर्रोख ईलिंगमध्ये शिकत होता. आशियाई तरुणाने रॉक गायक म्हणून उभे राहावे असा एकही नमुना तत्कालीन इंग्लंडमध्ये त्याच्यापुढे नव्हता. शिवाय पारशी समाजाची पर्शियाशी असलेली स्मृतिबद्ध जवळीक ही त्याने ऐनवेळी शोधून काढलेली पळवाट नव्हती. हजार वर्षांहून अधिक काळ समाजाने जपलेली ती स्वतःची ओळख आहे. पर्शियाचे नाव घेणे म्हणजे भारत नाकारणे, असे समीकरण मांडणाऱ्याला पारशी इतिहास ठाऊक नाही असेच म्हणावे लागेल.

दुसऱ्या टोकाला आपल्याकडील उत्साही मंडळी आहेत. मर्क्युरीच्या गायकीवर लता मंगेशकरांचा प्रभाव होता, हे विधान भारतीय वृत्तपत्रांतून वारंवार छापून येते. मुंबईत सुट्ट्या घालविणाऱ्या मुलाच्या कानांवर हिंदी चित्रपटगीते पडली असणारच. परंतु कानांवर पडणे आणि गायकीवर प्रभाव असणे या भिन्न गोष्टी आहेत. त्याच्या गाण्याची घडण पियानो, चर्चमधील समूहगान, रॉक अँड रोल आणि पुढे युरोपीय ऑपेरा यांतून समजावून घेता येते. आपला माणूस म्हणून अभिमान बाळगण्यास हरकत नाही. पण त्यासाठी प्रभावाची वंशावळ रचण्याची गरज नाही.

चाहते हेच चरित्रकार

'क्वीन'च्या अधिकृत चाहतामंडळाची सुरुवात १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात झाली. सर्वाधिक काळ चाललेले रॉक बँडचे चाहतामंडळ म्हणून त्याची नोंद गिनीज पुस्तकात झाली आहे. सभासदांसाठी नियतकालिक, वार्षिक मेळावा, पत्रव्यवहार अशा मार्गांनी या मंडळाने माहितीचा मोठा संचय केला. १९९२ साली 'क्वीन : ॲज इट बिगॅन' हे बँडचे अधिकृत चरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे लेखक होते जॅकी गन आणि जिम जेन्किन्स. पहिल्या चाहतामंडळाच्या सचिव आणि दुसरे बँडचे जुने चाहते. चाहत्याने लिहिलेले चरित्रच अधिकृत ठरावे, ही घटना चाहता आणि चरित्रकार यांमधील सीमारेषा किती पुसट आहे हे दाखविते.

या संचयाचा खरा कस लागला तो २०१८ च्या चित्रपटाच्या वेळी. चित्रपटाने चार ऑस्कर पारितोषिके मिळविली. त्यांपैकी एक मर्क्युरीची भूमिका करणाऱ्या रामी मलेक यांना मिळाले. मे आणि टेलर या चित्रपटाशी निकटचे संबंधित होते, म्हणजे कथेला बँडची संमती होती. असे असूनही चाहत्यांनी तिच्यातील कालविपर्यास एकामागून एक पुढे आणले. 'वी विल रॉक यू' हे १९७७ चे गाणे चित्रपटात मिशी राखलेला मर्क्युरी असताना, म्हणजे १९८० च्या सुमारास जन्म घेताना दिसते. 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' हे १९७८ चे गाणे त्यापूर्वीच्या अमेरिका दौऱ्यात ऐकू येते. मर्क्युरीचा सहचर जिम हटन हा व्यवसायाने केशकर्तनकार होता. चित्रपटात तो मेजवानीत वाढप्याचे काम करताना भेटतो.

असे तपशील म्हणजे केवळ छिद्रान्वेष, असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरेही आहे. परंतु दोन विपर्यास त्याहून गंभीर आहेत. पहिला असा की, मर्क्युरीने एकल गायनाचा करार केल्यामुळे बँड फुटला व १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्ली मैदानावर झालेल्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमासाठी तो पुन्हा एकत्र आला, असे चित्रपट सुचवितो. प्रत्यक्षात बँड फुटलाच नव्हता. १९८४ साली 'द वर्क्स' ही ध्वनिमुद्रिका आली आणि तिच्यासाठीचा दौरा मे १९८५ मध्ये जपानात संपला, म्हणजे लाइव्ह एडच्या अवघे दोन महिने आधी. शिवाय एकल ध्वनिमुद्रिका काढणारा मर्क्युरी हा पहिला नव्हे. रॉजर टेलर यांची एकल ध्वनिमुद्रिका १९८१ मध्येच आली होती आणि ब्रायन मे यांनी १९८३ मध्ये स्वतंत्र प्रकल्प केला होता. चौघांपैकी तिघांनी जे केले त्याचा दोष एकाच्या, तोही प्रत्युत्तर देण्यास हयात नसलेल्याच्या, माथी येतो. चाहत्यांचा आक्षेप येथे केवळ तारखेविषयीचा राहत नाही. तो न्यायाविषयीचा होतो.

आजार, मौन आणि खाजगीपणाचा अधिकार

दुसरा विपर्यास आजारासंबंधी आहे. लाइव्ह एडपूर्वीच मर्क्युरीला आपल्या आजाराचे निदान कळले होते व त्याने ते सहकाऱ्यांना सांगितले, असे चित्रपट दाखवितो. जिम हटन यांच्या १९९४ च्या आठवणींनुसार हे निदान १९८७ मध्ये झाले. दोन वर्षांचा हा फरक नाट्यासाठी केला गेला हे उघड आहे. परंतु त्यामुळे वीस-एकवीस मिनिटांचे ते अप्रतिम सादरीकरण मृत्यूच्या छायेतील निरोप बनते आणि त्यामागील साधे सत्य झाकले जाते : चार अनुभवी वादकांनी आधी कसून तालीम केली होती आणि ते आपल्या कामात निष्णात होते.

निदानानंतरच्या वर्षांत मर्क्युरीने आजाराविषयी जाहीरपणे काहीही सांगितले नाही. ब्रिटनमधील सनसनाटी वृत्तपत्रे त्याच्या घराबाहेर पाळत ठेवून होती. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी निवेदनाद्वारे त्याने एड्स झाल्याचे जाहीर केले व दुसऱ्याच दिवशी त्याचे निधन झाले. या मौनाविषयी चाहत्यांमध्ये तेव्हापासून दोन तट आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, इतक्या लोकप्रिय माणसाने आधी बोलले असते तर रोगाविषयीचा कलंक कमी होण्यास मदत झाली असती. दुसरा पक्ष म्हणतो की, आजार हा रुग्णाचा असतो, जनतेचा नव्हे. १९८८ साली ब्रिटनमध्ये स्थानिक संस्थांना समलैंगिकतेला 'प्रोत्साहन' देण्यास मनाई करणारा कायदा झाला होता, हे ध्यानात घेतले तर पहिल्या पक्षाची अपेक्षा किती जड होती हे कळते. प्रस्तुत लेखकास दुसरा पक्ष अधिक न्याय्य वाटतो. मृत्यूनंतर २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्लीवर झालेल्या स्मरणमैफलीतून आणि 'मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट' या न्यासातून एड्सविषयक कार्यासाठी निधी उभा राहिला. हे कार्य त्याच्या कबुलीवाचून अडले नाही.

हा प्रश्न आपल्याला दूरचा नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधील संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरविणारा भाग ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात हा चित्रपट आपल्या चित्रपटगृहांत लागला. पाचगणीत शिकलेल्या मुलाची कथा पाहणाऱ्या अनेक प्रेक्षकांसाठी या दोन घटनांतील अंतर केवळ काही आठवड्यांचे होते.

खाजगीपणाचा वाद अद्यापही मिटलेला नाही. चरित्रकार लेस्ली-ॲन जोन्स यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, मर्क्युरीला एक मुलगी होती व त्याने तिच्याकडे आपल्या रोजनिश्या सोपविल्या होत्या, असा दावा केला. मर्क्युरीची आयुष्यभराची मैत्रीण मेरी ऑस्टिन यांनी अशा कोणत्याही मुलीची आपणास माहिती नसल्याचे सांगितले. ज्या चाहत्यांनी चित्रपटातील तारखा तपासल्या त्यांनी येथेही तोच प्रश्न विचारला : मूळ कागद कोणी पाहिले आहेत काय? व्यावसायिक इतिहासकाराने यापेक्षा वेगळे काय विचारले असते?

गाण्यांतून चरित्र वाचण्याची पद्धत

चरित्राची पोकळी भरून काढण्यासाठी चाहते गाण्यांकडे वळतात. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी आलेले 'बोहेमियन रॅप्सडी' हे यातले सर्वांत मोठे क्षेत्र. सुमारे सहा मिनिटांचे, ध्रुवपद नसलेले, मध्येच ऑपेराचे रूप घेणारे हे गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे प्रथम क्रमांकावर राहिले आणि गायकाच्या मृत्यूनंतर पुन्हा त्या स्थानी पोहोचले. त्यातील अपराध, आईला उद्देशून केलेले बोल आणि मधेच येणारा अरबी ईशस्तवाचा शब्द यांवरून कोणी त्यात लैंगिक ओळखीचे प्रकटन पाहतो, कोणी झांझिबारचे बालपण. मर्क्युरीने अर्थ सांगण्यास कायम नकार दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये लंडन येथे सदबीज या संस्थेने त्याच्या संग्रहाचा लिलाव केला, तेव्हा या गाण्याचा हस्तलिखित खर्डा प्रकाशात आला. तो एका विमानकंपनीच्या दिनदर्शिकेच्या कागदांवर लिहिलेला होता आणि त्यावर 'मंगोलियन रॅप्सडी' हे शीर्षक खोडलेले दिसत होते. एका खोडलेल्या शब्दाने कित्येक वर्षांच्या प्रतीकार्थांना धक्का दिला. ज्या शीर्षकात लोक आत्मचरित्र शोधत होते ते कवीने लयीसाठी चाचपून पाहिलेले एक विशेषण असू शकते.

हा लिलाव चाहत्यांना सुखद नव्हता. त्यापूर्वीच्या प्रदर्शनास एक लाखाहून अधिक लोकांनी भेट दिली. पण त्यानंतर संग्रह विखुरला. ज्याच्यावर अनेक गाणी रचली गेली तो पियानो १७ लाख पौंडांहून अधिक किमतीस गेला. ब्रायन मे यांनीही जाहीरपणे खेद व्यक्त केला. मेरी ऑस्टिन यांना मृत्युपत्रान्वये मिळालेली मालमत्ता विकण्याचा पूर्ण अधिकार होता, यात शंका नाही. मात्र अभ्यासाच्या दृष्टीने एकसंध संग्रह नाहीसा होणे ही हानीच होय.

आवाजाविषयीही असेच एक उदाहरण आहे. मर्क्युरीचा आवाज चार सप्तकांचा होता, हे चाहत्यांचे आवडते विधान. २०१६ साली ख्रिश्चन हर्ब्स्ट व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या ध्वनिशास्त्रीय अभ्यासात हे विधान निर्विवादपणे सिद्ध झाले नाही. मुलाखतींतील त्याच्या बोलण्याची पट्टी सुमारे ११७ हर्ट्झ आढळली. म्हणजे बोलताना तो मध्यम पट्टीचा, गाताना मात्र उंच पट्टीत जाणारा. त्याच्या स्वरकंपनाचा वेग सेकंदाला सुमारे सात आवर्तने, म्हणजे नेहमीच्या गायकांपेक्षा अधिक व अनियमित होता. सप्तकांची संख्या हिरावून घेतली गेली, पण त्याच्या आवाजात काय वेगळे आहे याचे अधिक नेमके उत्तर मिळाले. या देवघेवीत चाहत्यांचे नुकसान झाले असे वाटत नाही.

बँडचा वारसा

'क्वीन' म्हणजे मर्क्युरी, ही समजूत सर्वसामान्य श्रोत्यांत आहे; मुरलेले चाहते ती मानत नाहीत. 'वी विल रॉक यू' हे मे यांचे, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे डीकन यांचे, 'रेडिओ गा गा' हे टेलर यांचे. १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून तर सर्व गाणी बँडच्या सामायिक नावावर देण्यात आली. श्रेयावरून होणारे तंटे त्यामुळे बरेचसे मिटले. मग गायक गेल्यावर उरलेल्यांनी ते नाव वापरावे काय? डीकन यांनी १९९७ च्या सुमारास निवृत्ती पत्करली. मे व टेलर यांनी २००४ पासून काही वर्षे पॉल रॉजर्स यांच्यासमवेत व पुढे ॲडम लँबर्ट यांच्यासमवेत दौरे केले. नावात मात्र अधिकचे चिन्ह ठेवून, म्हणजे नवा गायक जुन्याच्या जागी नव्हे तर शेजारी. आपल्याकडे घराण्याची गादी चालविण्याची कल्पना आहे, तिच्याशी ही तडजोड ताडून पाहण्याजोगी आहे.

वारशात अडचणीची पानेही आहेत. ऑक्टोबर १९८४ मध्ये सांस्कृतिक बहिष्कार मोडून बँडने दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी व्यवस्थेने निर्माण केलेल्या बोफुथात्स्वाना येथील सन सिटीमध्ये कार्यक्रम केले. त्याबद्दल ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेने दंड केला व संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत बँडचे नाव गेले. आम्ही राजकारणी नाही, हा बचाव त्या वेळी देण्यात आला. वसाहतीत जन्मलेला, वर्णाच्या प्रश्नाची झळ ठाऊक असलेला गायक त्या मंचावर उभा राहिला, ही विसंगती कौतुकाच्या भरात टाळण्यासारखी नाही. सन सिटी वगळून लाइव्ह एडच तेवढे सांगणे हे चित्रपटातील कालविपर्यासाच्याच जातीचे आहे.

जन्मभूमीनेही त्याला सहज स्वीकारले नाही. २००६ साली 'टाइम' साप्ताहिकाच्या आशियाई आवृत्तीने साठ वर्षांतील आशियाई वीरांत त्याची गणना केली. त्याच वर्षी झांझिबारमध्ये त्याच्या साठाव्या जयंतीनिमित्त योजलेला समारंभ एका धार्मिक संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाला. २०१९ साली मात्र स्टोन टाऊनमध्ये त्याच्या नावे संग्रहालय उघडले.

त्याच्यावर झालेले अंत्यसंस्कार झरतुष्ट्री धर्मगुरूंच्या हस्ते, अवेस्तातील प्रार्थनांसह झाले होते. अस्थिरक्षा कोठे ठेवली हे मेरी ऑस्टिन यांनी त्याच्या इच्छेनुसार कोणासही सांगितले नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत चाहत्यांना एका स्तंभावर लहानशी पाटी आढळली. तिच्यावर मर्क्युरी हे नाव नव्हते. फर्रोख बुलसारा हे नाव, जन्ममृत्यूच्या तारखा आणि फ्रेंच भाषेतील प्रेमाची एक ओळ होती, खाली केवळ एक आद्याक्षर. बातमी पसरली, लोक येऊ लागले आणि थोड्याच दिवसांत ती पाटी तेथून काढून टाकण्यात आली.